कडेचा ट्रॉम्बोनवाला

मी आजवर सात-आठ इंटरव्ह्यू दिले असतील, पण हाताची लांबी मोजून मला निवडलं गेलं ते एकदाच. जर्सी सिटीत काकांच्या (नात्यातले नव्हेत, सगळेच त्यांना काका म्हणत) घराचा वरचा मजला भाड्याने द्यायचा होता. मी पुण्याहून नवाकोरा आलेलो. व्हिसाचे कागद, कंपनीचं पत्र, पगाराच्या स्लिपा अशी जाडजूड फाइल घेऊन मी त्यांच्या दारात उभा राहिलो. काकांनी फाइल हातात घेतली, न उघडता शू-रॅकवर ठेवली आणि म्हणाले, "उजवा हात पुढे कर. पूर्ण. खांद्यातून."

मी केला. त्यांनी खिशातून शिंप्याची टेप काढली, काखेपासून मनगटापर्यंत लावली आणि समाधानाने मान हलवली. "सातवी पोझिशन गाठशील तू. राहा."

अमेरिकेतल्या भाडेकरूच्या कायद्यात असं काही असेल, असं मी तेव्हा मनाशी ठरवून टाकलं. पुण्याच्या माणसाला न समजलेल्या गोष्टीचंही स्पष्टीकरण लगेच सापडतं.

काका तेव्हा साठीचे. मूळचे वर्ध्याकडचे, मॅनहॅटनमधल्या एका इन्शुरन्स कंपनीत डेटाबेस सांभाळायचे. काकू वारलेल्या, मुलगी तिकडे सिएटलजवळ बॉथेलला नोकरी करणारी. फोन उचलला की 'जय भीम', आणि ठेवताना 'चल, काम कर'. एरवी ते बेताचं, ऑफिसात चालेल असं मराठी बोलत. चिडले किंवा खूश झाले की वर्धा उसळून वर येई.

त्यांच्या हॉलच्या भिंतीवर घड्याळ, कॅलेंडर, असलं काही नव्हतं. होती ती चित्रंच. पोस्टकार्डं, प्रिंटआउट, म्युझियमच्या पुस्तकांतून कापलेली पानं. देवदूत, राजे, मिरवणुका, सर्कशीतले हत्ती, पाद्री, नाचणाऱ्या बायका. पहिल्या दिवशी मी म्हणालो, "काका, तुम्हाला ख्रिश्चन धर्माची आवड दिसते."

"नीट बघ," ते म्हणाले. "प्रत्येकात एक ट्रॉम्बोन आहे."

होता. प्रत्येक चित्रात कुठेतरी, बहुतेक वेळा कोपऱ्यात, एक माणूस ते लांब दांड्याचं पितळी वाद्य तोंडाला लावून उभा होता. आपल्याकडे लग्नाच्या बँडमध्ये दांडा पुढे-मागे करत वाजवतात, तेच हे. त्याला बटणं नसतात. दांडा किती बाहेर काढला त्यावर सूर ठरतो. अशा सात जागा आहेत आणि सातवीला हात अगदी ताणावा लागतो. माझ्या हाताची किंमत मला तेव्हा कळली.

काकांचं म्हणणं असं, की पाचशे वर्षांपूर्वीचा ट्रॉम्बोन कसा होता, कसा धरायचे, कोण वाजवायचं, हे बरंचसं चित्रांमुळेच कळतं. वाद्यं वितळवली गेली, मोडीत गेली. चित्रं राहिली. पण चित्रकारावर किती विश्वास ठेवायचा? त्याने खरा वाजवणारा बघून काढलंय, की ऐकीव माहितीवर? ते तपासायला माणूस उभा करून बघावा लागतो. काकांचा स्वतःचा हात आखूड होता. म्हणून त्यांना भाडेकरू हवा होता.

त्यामुळे अमेरिकेतला माझा पहिला हिवाळा मी देवदूत म्हणून काढला. काकांनी हार्डवेअरच्या दुकानातून प्लंबिंगचे पांढरे पाइप आणून एक नकली ट्रॉम्बोन केला होता. शनिवारी सकाळी मी तो घेऊन स्वयंपाकघरातल्या स्टुलावर उभा राहायचो. रोममधल्या एका चॅपलच्या भिंतीवरचा देवदूत तपासायचा होता तेव्हा झग्याच्या घड्या खऱ्या आहेत का हे बघायला त्यांनी मला पलंगावरची चादर गुंडाळली. तेवढ्यात बेल वाजली. काका वहीत काही लिहीत होते, म्हणाले, "तू बघ जरा." मी तसाच गेलो. पार्सलवाल्याने माझ्याकडे, चादरीकडे, पाइपकडे पाहिलं आणि अतिशय आदराने विचारलं, "चर्चचं नाटक का?"

"हो," मी म्हणालो.

"गॉड ब्लेस यू," तो म्हणाला. सही घेतानाही त्याने नजर खाली ठेवली होती.

म्युझियममध्ये त्यांच्याबरोबर जाणं ही वेगळीच शिक्षा. लोक दालनात शिरले की मधल्या मोठ्या चित्राकडे जातात. काका भिंतीला खेटून कोपऱ्याकोपऱ्याने फिरत. मी एकदा त्यांना एका सुप्रसिद्ध मेरीमातेपुढे ओढत नेलं. त्यांनी तिला नम्रपणे नमस्कार केला आणि म्हणाले, "ही मधे आहे. हिला बघायला रांग आहे. कडेला कोण उभं आहे ते सांग." मग ते नाक चित्राला लागेल इतके वाकले आणि गार्ड म्हणाला, "सर, स्टेप बॅक प्लीज." हे दर वेळी व्हायचं. दुसऱ्या वर्षी तोच गार्ड आम्हाला दारात गाठून कुजबुजला, "वरच्या मजल्यावर ड्रॉइंग्जचं नवं प्रदर्शन लागलंय. डावीकडच्या भिंतीवर तुमचा एक आहे."

तिथेच मी माझ्या ज्ञानाचा झेंडा लावला. एक जुनी जर्मन छापचित्रांची मालिका होती, राजाची मिरवणूक, गाडीवर बसलेले वादक. सगळे ट्रॉम्बोनवाले डाव्या हाताने दांडा ओढत होते. शेजारी एक अमेरिकन जोडपं उभं होतं. मी त्यांना, न विचारता, सांगितलं की त्या काळी वादकांना मुद्दाम डावखुरं घडवायचे, तो एक घराण्याचा भाग होता. ते फारच प्रभावित झाले. बाईंनी फोनमध्ये नोंदही केली. काका शांतपणे ऐकत होते. नंतर कॅफेत कॉफी ढवळत त्यांनी विचारलं, "रबर स्टॅम्प पाहिला का कधी?"

"हो."

"ठोकळ्यावर सरळ काढलं की कागदावर उलटं येतं. सगळी मिरवणूकच आरशातली आहे बे ती." थोडं थांबून म्हणाले, "ते घराणं कोणतं होतं म्हणाला?"

त्या जोडप्याने ती माहिती पुढे कोणाकोणाला सांगितली असेल, या विचाराने मला अजून घाम फुटतो.

काका चित्रकारांना परीक्षकासारखे गुण देत. "ह्याने ट्रॉम्बोन पाहिलाच नाही, नुसतं वर्णन ऐकलं. दांडा मागे ओढला तर ह्या देवदूताचा दात पडेल." एखाद्या अनामिक चित्रकारावर मात्र ते बेहद्द खूश. "गाल बघ. ह्याने वाजवणाऱ्याजवळ उभं राहून पाहिलंय." जुन्या फ्रेंच व्यंगचित्रांवर त्यांचा राग होता, कारण त्यांत ट्रॉम्बोनवाला कायम पुढच्याच्या टकलावर दांडा आपटतो. "पाचशे वर्षांत कुठून कुठे आणलं. आधी देवाच्या शेजारी उभा होता, मग विनोदात आला." अमेरिकन सर्कशींची पोस्टरं त्यांना आवडत. तिथे तो मिरवणुकीत अगदी पुढे असतो, दांड्याला मोकळी जागा लागते म्हणून. "कारण काही असो," ते म्हणत, "पुढे आहे ना!"

मी ठरवलं, हे असं एकेक चित्र शोधत बसणं मागासलेपणाचं आहे. मी सॉफ्टवेअरवाला, आपण शास्त्रीय मदत करावी. सहा वीकेंड खर्चून मी एक प्रोग्रॅम लिहिला. जगभरच्या म्युझियमांनी ऑनलाइन ठेवलेली चित्रं चाळायची आणि त्यांतले ट्रॉम्बोन काढून द्यायचे. काकांना समोर बसवून मी तो थाटात चालवला. स्क्रीनवर निकाल येऊ लागले. एक तलवार. एका म्हाताऱ्याची कुबडी. हुक्का. बिशपची काठी. एका आधुनिक चित्रातलं बेसिनखालचं नळकाम. आणि शहाण्णव टक्के खात्रीने, एक राजहंस.

काका राजहंसाकडे बराच वेळ बघत राहिले. "मान लांब आहे," ते म्हणाले. त्यांना माणसाला तोडता येत नसे.

शेवटी एक खरा ट्रॉम्बोन आला. तळाच्या कोपऱ्यात, अंधारात. मी खुर्चीतून उडी मारली. काका म्हणाले, "हा आहे आपल्याकडे. फ्रिजच्या बाजूला, डावीकडून तिसरा." दुसऱ्या दिवशी त्यांनी राजहंसाची प्रिंट काढून फ्रिजवर लावली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले, "हा ह्या पोराने शोधला."

एक गोष्ट मला कळत नव्हती. एवढं वेड, पण घरात खरा ट्रॉम्बोन नव्हता. मी एकदा म्हणालो, "काका, सेकंडहँड मिळतो. घेऊन टाका, शिका." ते म्हणाले, "नाही." एवढंच. मग उठून कांदा चिरायला लागले. ज्या विषयावर बोलायचं नसे त्या विषयावर ते कांदा चिरत.

दरम्यान माझं लग्न झालं, बायको आली, तिचाही हात मोजला गेला (पाचवी पोझिशन, पण 'मनगट चांगलं'). मी मराठी मंडळाच्या कार्यक्रम समितीत शिरलो. समितीत शिरलेल्या माणसाला कार्यक्रम करावा लागतो. मी काकांचं भाषण ठेवलं, 'चित्रांतला ट्रॉम्बोन'. आयसेलिनजवळच्या एका हॉलमध्ये, दुपारी, नंतर बटाटेवडे. काका सहज तयार झाले. परिचयासाठी मी त्यांची माहिती विचारली तेव्हा वही मिटत ते म्हणाले, "लिहून घे. वडील बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायचे. लग्नाच्या बँडमध्ये. वर्धा जिल्ह्यात."

मी लिहून घेतलं. आणि रात्रभर नाही, पण पाचेक मिनिटं नक्की विचार केला. समोर कोण कोण बसणार, हे मला माहीत होतं. शास्त्रीय संगीताच्या बैठका करणारे, मुलांना पेटी-तबल्याच्या क्लासला ड्राइव्ह करणारे. काकांना कोणी कमी लेखू नये, अशी मी स्वतःची समजूत घातली. प्रत्यक्ष स्टेजवर मी म्हणालो, "काकांना संगीताचा वारसा घरातूनच लाभला. त्यांचे वडील विदर्भातले नामवंत वादक होते."

टाळ्या पडल्या. काका माइकपाशी आले. चष्मा पुसला.

"आमचा हा वरच्या मजल्यावरचा मुलगा फार सभ्य आहे," ते म्हणाले. "माझे वडील नामवंत नव्हते. बँडवाले होते. लाल कोट, सोनेरी झालर, खाली रबरी चप्पल. आता चित्रं बघू."

हॉल हसला. मीही हसलो, कारण हसण्याखेरीज चेहऱ्याचं दुसरं काय करावं ते सुचलं नाही.

भाषण फार सुंदर झालं. तासभर कोणी फोनकडे बघितलं नाही. शेवटी एका गृहस्थांनी विचारलं, "पण सर, ह्या सगळ्या अभ्यासाचा उपयोग काय?"

काकांनी उलट विचारलं, "तुमच्या लग्नात बँड होता?"

"होता ना."

"इथे कोणाकोणाच्या लग्नात होता? हात वर करा." बरेच हात वर आले. "आता त्या बँडमधल्या एका माणसाचं नाव सांगा. एकाचं."

हात हळूहळू खाली गेले. काका म्हणाले, "माझ्या वडिलांनी तीस वर्षं लग्नं वाजवली. जिल्ह्यातला असा अल्बम नसेल ज्यात ते जवळपास नव्हते. त्यांचा एक फोटो नाही माझ्याकडे. फोटोग्राफर नवरदेवावर कॅमेरा धरतो, बँड कापला जातो. मला ट्रॉम्बोनला हात लावू दिला नाही त्यांनी. म्हणाले, तू शाळेत जा. मी गेलो. मग इथे आलो, म्युझियम पाहिलं, तर पाचशे वर्षांपूर्वीच्या एका चित्रकाराने कडेला उभ्या असलेल्या ट्रॉम्बोनवाल्याचे गालसुद्धा काढलेत. कोणीतरी त्याच्याकडे बघितलं होतं. तो कोण, ते बघून राहिलो मी. उपयोग काही नाही."

त्यानंतर बटाटेवड्यांच्या रांगेत सगळे जरा हळू आवाजात बोलत होते.

आठवडाभर खालून चहाची हाक आली नाही. बायको म्हणाली, "जा आणि सॉरी म्हण." मी माफीचं भाषण तयार केलं, त्यात 'सामाजिक संदर्भ' हा शब्द दोनदा होता, आणि खाली गेलो. काका कांदा चिरत होते. मी पहिल्या वाक्यातच अडकलो.

"लाज तुले वाटली," ते वर न बघता म्हणाले. "मले नाही वाटली. मग माफी मले कायले मागतं?"

मी ओट्यावरची कांद्याची सालं गोळा करू लागलो.

"तुझ्या लग्नात बँड होता?"

"होता, काका. मोठा होता. ट्रॉम्बोनसुद्धा होता." हे मी इतक्या जोरात म्हणालो की मला स्वतःलाच खरं वाटलं.

"कोण वाजवत होतं?"

"विचारून सांगतो."

"विचार." मग त्यांनी कांदा कढईत टाकला. "बस. पोहे करून राहिलो."

विचारायला मला दोन वर्षं लागली. त्या काळात काकांचे गुडघे कुरकुरू लागले, बॉथेलला नातू झाला, आणि ते घर विकून मुलीकडे राहायला गेले. भिंतीवरची चित्रं मी आणि बायकोने उतरवून खोक्यांत भरली, मागे नंबर टाकून, त्यांच्या देखरेखीखाली. आम्ही स्टेशनजवळच्या उंच इमारतीत फ्लॅट घेतला. तिथे माझा हात कोणी मोजला नाही.

मागच्या वर्षी आषाढात पुण्याला गेलो. आईला विचारलं तर म्हणाली, "बँड मामाने ठरवला होता." मामाने आठवून आठवून दुकान सांगितलं. बँडवाल्यांच्या दुकानांची ती रांग मला लहानपणापासून माहीत होती, पण आत पाय ठेवला तो पहिल्यांदाच. आषाढात लग्नं नसतात. मास्तर खुर्चीवर बसून टोपीची झालर शिवत होते. मी नाव सांगितलं, लग्न कधी, कार्यालय कुठलं ते सांगितलं. म्हणालो, "तुम्ही वाजवलं होतं."

मास्तरांनी सुई टोचून ठेवली, उभे राहिले. "काही तक्रार आहे का साहेब?"

"अहो, इतक्या वर्षांनी?"

"येतात लोक," ते म्हणाले.

मी म्हटलं, तक्रार नाही, त्या दिवशी कोण कोण होतं त्यांची नावं हवी आहेत. कशाला, ते मला नीट सांगता येईना. मास्तरांनी वरातीचा रस्ता विचारला, डोळे मिटले आणि नऊ नावं सांगितली. एक जण वारला होता, दोघे रिक्षा चालवत होते. मी सगळं लिहून घेतलं. मग विचारलं, "ट्रॉम्बोन ह्यांतला कोणाचा?"

"तुमच्याकडे ट्रॉम्बोन नव्हता साहेब. नऊ जणांची पार्टी होती. ट्रॉम्बोन पंधरात असतो."

मी लिहून घेतलेली नावं पुन्हा मोजली. मास्तरांना माझी दया आली असावी. म्हणाले, "आमच्याकडे आता एकच ट्रॉम्बोनवाला आहे. जवळच राहतो. बोलावू?"

तो आला. पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट, खांद्याला वाद्याची पेटी. सीझन नसला की कुरिअरच्या गोदामात काम करतो म्हणाला. संध्याकाळचे साडेसात वाजले होते, म्हणजे बॉथेलला सकाळ. मी काकांना फोन लावला आणि आधी, हिंमत करून, माझ्या लग्नात ट्रॉम्बोन नव्हता हे सांगून टाकलं.

"मले माहीत होतं," काका म्हणाले. "कोण आहे तिथे? दे त्याला."

मी स्पीकर लावला. 'जय भीम' ऐकताच त्या माणसाने शर्ट सारखा केला. "जय भीम, साहेब." मग दोघं बोलायला लागले ते माझ्या डोक्यावरून गेलं. ओठ कुठे फुटतात, पावसात काय करायचं, दांड्याला तेल कोणतं.

"खोबरेल," तो म्हणाला. "थंडीत घट्ट झालं की कोल्ड क्रीम."

"आमच्या वडिलांचंही खोबरेलच," काका म्हणाले. "घरभर वास यायचा. वाजवता का थोडं?"

त्याने पेटी उघडली. फुटपाथवर उभा राहून वाजवलं, लग्नातलं नाही, काहीतरी सावकाश. शेजारच्या दुकानातले लोक बाहेर आले, रस्त्यावरचे दोन-तीन जण नवरदेव कुठे दिसतो का ते बघू लागले आणि त्यांची नजर माझ्यावर येऊन थांबली. माझ्या हातात फोन पुढे धरलेला, खांद्यातून पूर्ण ताणून. वाजवणं थांबलं. लाइन गेली असं वाटून मी "हॅलो, हॅलो" सुरू केलं.

"आहे मी," काका म्हणाले. "जेवलाय का तो, विचार."

मी विचारलं. तो म्हणाला, "नाही, घरी जाऊन."

"मग तू काय पाहून राहिला? घेऊन जा ना त्याले. मास्तरलेही ने."

आम्ही तिघं कोपऱ्यावरच्या खानावळीत गेलो. ताटं आली. व्हिडिओ सुरू करून फोन मी पाण्याच्या जगला टेकवून उभा केला, पलीकडे काका नातवाला मांडीवर घेऊन चहा पीत बसलेले दिसत होते. त्यांनी त्या माणसाला वडिलांचं नाव विचारलं. तो सांगू लागला, वडील, त्यांचे वडील, कोणी काय वाजवलं, कोण कुठल्या गावच्या वरातीत होतं. मला वाटलं आपण जरा संदर्भ द्यावा, म्हणून मी घास बाजूला ठेवून पुढे वाकलो आणि म्हणालो, "ह्याचं कसं आहे काका, की..."

"तू जेव बे गुपचूप," काका म्हणाले. "त्याले बोलू दे."